वेब डिझायनरांची धुळवड : टवाळ पुरस्कारांचा सोहळा कसा करायचा

बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून गावभर मिरवतात. मिरवणूक संपली की त्याच जावयाला नवे कपडे देऊन मान करतात. संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणी, कुठल्याही गावच्या वेब डिझायनरांना आपल्याच कामाची टर उडवणारे पुरस्कार द्यायचे असतील तर नियम विड्यातूनच उचलावेत: गाढवावर बसतो तो घरचा माणूस, आणि उतरताना त्याला आहेर मिळतो. यातली एक जरी गोष्ट सुटली तरी थट्टेचं भांडण व्हायला वेळ लागत नाही.

बाहेरही ही रीत जुनी आहे. वाईट सिनेमांसाठीचे गोल्डन रॅस्पबेरी १९८१पासून दिले जातात, हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे इग नोबेल १९९१पासून. वेबसाइटांचे वेबी पुरस्कार १९९६चे. ते गंभीर आहेत, पण विजेत्याने भाषण पाच शब्दांत संपवायचं हा त्यांचा नियम बिनदिक्कत चोरावा. आपल्याकडच्या सत्कारांना त्याची गरज जास्त आहे.

कोण पात्र, कोण नाही

साइट गटातल्याच कोणीतरी बनवलेली हवी आणि त्याने स्वतः होकार दिलेला हवा. मित्राने नाव सुचवलं तरी चालेल, पण फॉर्मवर ‘मला चालेल’ ही खूण बनवणाऱ्याचीच पाहिजे. ग्राहकाकडून पैसे यायचे बाकी असतील ती साइट घेऊ नका. थट्टा त्याच्या कानावर गेली की शेवटचा हप्ता अडकतो. शिकाऊ मुलांना स्पर्धेतून वगळा आणि मोजमापाच्या कामाला लावा. चुका मोजता मोजता ती जेवढं शिकतील तेवढं क्लासात शिकत नाहीत.

नगरपालिका, कॉलेज, पतसंस्था यांच्या साइट पडद्यावर दाखवून हशा मिळवणं सगळ्यात सोपं. ते टाळा. ती साइट बनवणारा हॉलमध्ये नसतो, तिला किती पैसे आणि किती दिवस मिळाले ते आपल्याला माहीत नसतं. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं आहे. ‘गंमत केली हो’ एवढ्यावर सुटका होईलच असं धरून चालू नये. आपल्या सदस्याची साइट असली तरी स्क्रीनशॉटवर ग्राहकाचं नाव, फोन नंबर आणि चेहरे पट्टी मारून झाकायचे.

तारखा अशा धरा. अर्ज होळीच्या दोन आठवडे आधी उघडायचे, होळीच्या रात्री बंद. मधले दिवस परीक्षकांना, सोहळा रंगपंचमीच्या संध्याकाळी. होळी मार्चअखेरीला टेकली असेल तर अर्जाची मुदत एक आठवडा आधी संपवा. कारण ‘३१ तारखेच्या आत साइट चालू करून द्या’ म्हणणारे ग्राहक त्याच दिवसांत उगवतात आणि परीक्षक फोन उचलेनासे होतात.

पुरस्कार ठरवताना

सातपेक्षा जास्त नकोत. आणि शेवटचा सोडून प्रत्येकाला मोजता येणारी कसोटी हवी. ‘सगळ्यात भिकार रंगसंगती’ हा पुरस्कार नव्हे, ते मत झालं. त्यावर बनवणारा चिडतो आणि त्याचं बरोबर असतं. आकडा समोर असला की तोच आधी हसतो.

‘लालपरीची वाट’ हा सगळ्यात हळू उघडणाऱ्या साइटला. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजणाऱ्या साधनावर मोबाइलचा निकाल घ्या आणि त्यातला एलसीपी, म्हणजे पडद्यावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागलेला वेळ, लिहून ठेवा. २.५ सेकंदांपर्यंत ठीक, ४ च्या पुढे वाईट. एकाच साइटचा आकडा दर वेळी थोडा बदलतो, म्हणून तीनदा चालवून मधला धरायचा. नाहीतर ‘माझ्यावेळी नेट स्लो होतं’ हे रडगाणं ऐकावं लागतं. कारण बहुतेक वेळा एकच निघतं: उद्घाटनाचा फोटो मोबाइलमधून जसाच्या तसा, पाच-सहा एमबीचा, चढवलेला. रुंदी १६०० पिक्सेलवर आणून वेबपी या हलक्या चित्र-प्रकारात साठवला की तोच फोटो साधारण २०० केबीत बसतो.

‘चष्मा बदला’ पुरस्कार फिक्या अक्षरांना. डब्ल्यूसीएजी, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम, त्यांच्याप्रमाणे साध्या मजकुराचा आणि मागच्या रंगाचा उजळपणातला फरक किमान ४.५ : १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतो. पांढऱ्यावर ९९९९९९ या कोडचा करडा सगळ्यांचा लाडका. तो जेमतेम २.८ भरतो. ७६७६७६ घेतला की काठावर पास. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की हा आकडा लगेच दिसतो.

खरी मजा मात्र ‘तुटकी शिरोरेषा’ या पुरस्कारात आहे, कारण ही चूक इंग्रजी साइटच्या नशिबीच नाही. तयार थीममध्ये, म्हणजे साइटच्या आयत्या साच्यात, शीर्षकांना लेटर-स्पेसिंग (दोन अक्षरांमधलं जास्तीचं अंतर) दोन पिक्सेल दिलेलं असतं. रोमन अक्षरांत ते झोकदार दिसतं, देवनागरीत प्रत्येक अक्षर शेजाऱ्यापासून सुटतं आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. मराठी मजकुराला लेटर-स्पेसिंग शून्य करणं एवढाच उपाय. याच पुरस्कारात आणखी दोन चुका धराव्यात. एक, ओळीची उंची १.२ ठेवल्यामुळे वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जाणं, १.६ च्या आसपास गेलं की प्रश्न मिटतो. दुसरी, पानाच्या कोडमधल्या एचटीएमएल टॅगला भाषा मराठी न लावता थीमची इंग्रजीच राहू देणं. ज्या फाँटांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे भरलेले असतात, त्यांना ती रूपं भाषेची खूण दिसल्यावरच काढता येतात. खूण नसली की हिंदी वळण येतं, अंधांना पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडरही मराठी मजकूर इंग्रजी समजून वाचायला घेतो.

जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर थेट साइटवर चिकटवलेला असेल तर त्याला विशेष उल्लेख द्या. ज्याच्या मशीनवर तो फाँट नाही त्याला तिथे नुसता रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो, आणि गूगललाही तोच दिसतो. युनिकोडमध्ये बदलून घेतला तरी रफार आणि जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात. कन्व्हर्टर तिथेच घोटाळे करतात.

‘फ्लेक्स बोर्ड’ पुरस्काराला आपल्याकडे स्पर्धा तगडी. ३६० पिक्सेल रुंदीच्या, म्हणजे मोबाइलएवढ्या, पडद्यावर साइट उघडायची आणि ही संस्था नेमकं काय करते हे कळायच्या आधी किती चेहरे लागतात ते मोजायचं. अध्यक्ष, सचिव, प्रेरणास्थान, मार्गदर्शक, सगळे धरायचे. बरोबरी झाली तर फोन नंबरपर्यंत पोचायला किती पडदे सरकवावे लागतात ते बघा. तो नंबर चित्रात असेल आणि दाबल्यावर लागत नसेल तर जास्तीचे पाच गुण.

‘सरकती पट्टी’ हा हलणाऱ्या मजकुराचा. मजकूर लुकलुकवणारा ब्लिंक टॅग फायरफॉक्सने २०१३ साली काढून टाकला. मजकूर सरकवणारा मार्की टॅग मात्र मानकातून बाद होऊनही ब्राउझरमध्ये अजून चालतो, त्यामुळे ‘प्रवेश सुरू, प्रवेश सुरू’ वर्षभर धावत राहतं. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त हलणारं काहीही थांबवायची सोय हवी, हा डब्ल्यूसीएजीचा नियम इथली कसोटी. आपोआप बदलणाऱ्या फोटोंचे स्लायडरही यातच येतात.

‘परदेशी पाहुणे’ पुरस्कार थीममधून न काढलेल्या गोष्टींना: कोट घातलेले गोरे लोक हस्तांदोलन करतायत आणि खाली मोंढ्यातल्या आडत दुकानाचं नाव, तळाशी न्यूयॉर्कचा पत्ता, मध्ये लॉरेम इप्सम हा जागा भरायचा नमुना मजकूर. (हा मजकूर मुळात सिसेरोच्या इसवी सनपूर्व ४५ मधल्या लॅटिन ग्रंथाचे मोडलेले तुकडे आहेत, बियाण्याच्या दुकानाखाली तो बराच भारदस्त वाटतो.) मोजायला सोपं: साइटवर ‘लॉरेम’ शोधायचं आणि नमुन्याची पानं मोजायची.

सातवा ‘लोगो थोडा मोठा करा’, ग्राहकाच्या सगळ्यात अचाट मागणीला. याला कसोटी नाही, टाळ्यांवर ठरवायचं. मागणी एका ओळीत, गाव, धंदा आणि नाव काढून. धंदा सांगितला की छोट्या शहरात माणूस ओळखू येतो, हे विसरू नका.

अर्ज आणि मोजणी

गूगल फॉर्मवर साइटचा पत्ता, कोणता पुरस्कार, चूक कोणत्या पानावर, मोबाइलचं मॉडेल आणि बनवणाऱ्याचा होकार एवढंच मागा. अर्ज आला त्याच दिवशी दोन स्क्रीनशॉट काढा, एक ३६० आणि एक १३६६ पिक्सेल रुंदीचा, आणि वेबॅक मशीन या जुनी पानं जपणाऱ्या साइटवर पान साठवा. कारण अर्ज भरल्यावर बरेच जण रात्रीत चूक दुरुस्त करून टाकतात. चांगलंच आहे, पण सोहळ्यात दाखवायला काही उरत नाही. परीक्षक तीन पुरेत. परीक्षकाची स्वतःची साइट असेल त्या पुरस्काराला त्याने मोजणी करायची नाही.

ट्रॉफी

बंद पडलेला माऊस, प्लास्टर ऑफ पॅरिस, सोनेरी स्प्रे. साच्याला श्रीखंडाचे अर्ध्या किलोचे डबे, आतून खोबरेल चोळलेले. दोन वाट्या पीओपीला एक वाटी पाणी. पाण्यात पावडर सोडायची, पावडरीत पाणी ओतलं की गुठळ्या होतात. मार्चच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी वापरू नका, कोमट पाण्यात पीओपी फार लवकर आवळतं आणि माऊस बसवायच्या आत दगड होतो. माठातलं पाणी घ्या आणि एका वेळी एकाच डब्यापुरतं कालवा. माऊसमधला सेल काढून, वायर कापून, तो एक तृतीयांश आत बसवा. कालवलेलं भांडं बेसिनमध्ये धुऊ नका. ते पाणी पाइपात जाऊन घट्ट होतं आणि प्लंबर बोलवावा लागतो.

डब्यातून काढल्यावर दोन दिवस सावलीत वाळवा. ओल्या पीओपीवर रंग मारला की फुगे धरतो आणि पापुद्रे सुटतात. माऊसच्या गुळगुळीत प्लास्टिकला आधी पॉलिश पेपर मारायचा, मग मोकळ्या हवेत साधारण फूटभर अंतरावरून तीन पातळ हात. एकच जाड हात दिला तर रंग ओघळतो, अर्थात काही पुरस्कारांना तेही शोभतं.

सोहळ्याची संध्याकाळ

दीड तास पुरे. हॉलच्या वायफायवर विसंबू नका. साइट कशी उघडते याचा पडदा आधीच रेकॉर्ड करून लॅपटॉपवर ठेवा, ‘लालपरी’साठी तर ते लागतंच, कारण जिवंत दाखवायला गेलात की ती साइट नेमकी पटकन उघडते. वीज जाणार हे धरून लॅपटॉप भरलेला आणि माइकला वेगळी बॅटरी. प्रोजेक्टरऐवजी मोठा टीव्ही मिळाला तर उत्तम: प्रोजेक्टरवर उजेडात सगळेच रंग फिके पडतात आणि ‘चष्मा बदला’चे सगळे उमेदवार सारखेच दिसतात.

क्रम असा: आधी आकडा, मग चूक पडद्यावर, मग कारण आणि उपाय एका मिनिटात, आणि नाव सगळ्यात शेवटी. नाव आधी घेतलं की लोक माणसाकडे बघून हसतात, चुकीकडे बघत नाहीत. विजेत्याला शाल म्हणून पंचा, सोबत श्रीफळ. त्याचा मालक हजर असेल तर नारळ देताना जरा जपून. मग पाच शब्दांचं भाषण, समासाचा जोडशब्द एकच धरायचा. सहावा शब्द निघाला की कोपऱ्यातल्या हलगीवाल्याने कडकडाट करायचा.

आणि लगेच आहेर, उद्यावर टाकू नका. कुंथलगिरीचे पेढे, जालन्याच्या मोसंब्यांची पिशवी, किंवा गटाने वर्गणी काढून भरलेलं डोमेनचं एक वर्षाचं नूतनीकरण. तिसरा आहेर मिळत असेल तर पुढच्या वर्षी अर्ज वाढतात.

निकाल बाहेर टाकायचा असेल तर विजेत्याची लेखी परवानगी घ्या, फोटोंतले ग्राहक पुन्हा एकदा तपासा. दुरुस्तीला पंधरा दिवसांची मुदत द्या आणि त्याच साधनाने, त्याच पडद्याच्या रुंदीवर पुन्हा मोजा. आकडा कसोटीत बसला तर ट्रॉफी परत घेऊन पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवायची, आणि नव्या आकड्याची चिठ्ठी तिच्या बुडाला चिकटवायची. नाही बसला तर ती विजेत्याच्या टेबलावरच राहते, ग्राहकांना दिसेल अशी.