कोकणातल्या परड्यात हिवाळी भाजी : वांगी-टोमॅटो अशी जगवा

पाऊस ओसरला की माठ, मुळा, मेथी टाका. धणे रगडून पेरा. माठ महिन्याभरात ताटात येतो, मुळा दीड महिन्यात. कोबी-नवलकोलाची रोपं दिवाळीनंतर लावा, वाल भातकापणीनंतरच्या ओलीवर. यात अवघड काही नाही.

अवघड आहेत वांगी आणि टोमॅटो. फुलावर आलेलं हिरवंगार झाड भर दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं आणि तीन-चार दिवसांत पान पिवळंही न पडता उभंच्या उभं मरतं. या मर रोगाने मला वर्षानुवर्षं छळलंय. त्यावर ‘पाणी कमी पडतंय, दोन कळश्या जास्त घाल’ असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. दुसरा येतो बुरशीनाशक घेऊन. त्याचाही उपयोग नाही, कारण आपल्याकडे हा रोग बहुतेक वेळा जिवाणूचा असतो.

खात्री करायची असेल तर जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन कापलेलं टोक त्यात जरासं बुडेल असा तो धरा. काही मिनिटांत टोकातून दुधी रंगाचा बारीक दोरा खाली उतरताना दिसला, तर रोग जिवाणूचाच. त्या झाडाला औषध नाही. मुळाभोवतालच्या मातीसकट उपटून जाळा. उकिरड्यात टाकलंत तर पुढच्या वर्षी शेणखताबरोबर रोग परत वाफ्यात येईल. कोयता आणि खुरपं धुऊन आगीवर शेकवा.

हा जिवाणू मातीत राहतो, मुळाच्या जखमेतून आत शिरतो आणि त्याला उबदार, ओलसर जमीन मानवते. म्हणजे ऑक्टोबरातली आपली जमीन! म्हणून वांगी-टोमॅटोच्या रोपांची घाई करू नका. ती नोव्हेंबर सरताना, पहाटे गारवा जाणवायला लागल्यावर लावा. लावताना मुळं तुटू देऊ नका आणि नंतर बुंध्याशी खुरपू नका, गवत हाताने उपटा, वर पेंढा पसरा. पाटाने एका आळ्यातलं पाणी दुसऱ्यात सोडणं तर बंदच करा, प्रत्येक आळ्याला वेगळं शिंपण. गेल्या वर्षी जिथे वांगी, टोमॅटो, मिरची किंवा बटाटा होता, तिथे यंदा माठ, मुळा, चवळी घ्या.

जांभ्याची माती आंबट असते. लागवडीच्या महिनाभर आधी चौरस मीटरला मूठ-दोन मूठ चुना मिसळा, पण शेणखताबरोबर नको. दोन्ही एकत्र पडले की खतातला नत्र उडून जातो.

एवढं करूनही झाडं मरत असतील तर वांग्याचं रानवांगीवर कलम करा. रस्त्याकडेला वाढणारं, वाटाण्याएवढ्या फळांच्या घोसांचं हे काटेरी झाड या रोगाला सहसा दाद देत नाही. त्याचं बी उगवायला आळशी, म्हणून वांग्याच्या तीन-चार आठवडे आधी पेरा. दोन्ही रोपांची खोडं सारख्या जाडीची झाली की पाचर कलम बांधा, म्हणजे रानवांगीच्या छाटलेल्या खोडाला चीर देऊन त्यात वांग्याचा शेंडा पाचरीसारखा तासून बसवा आणि आठवडाभर सावलीत, प्लास्टिकच्या पिशवीखाली ठेवा. आंब्या-काजूची कलमं बांधणाऱ्या हाताला हे जड नाही. लावताना जोड मातीच्या वर राहू द्या. तो पुरला गेला तर वरच्या वांग्याला मुळं फुटतात आणि रोगाला पुन्हा वाट मिळते.

टोमॅटोसाठी ‘अर्का रक्षक’ हा या रोगाला प्रतिकारक वाण मिळतो, तोच घ्या.