स्पीकरमधली घरघर कशी घालवावी

गाणं थांबवलं तरी कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून घरघर येतच राहते. अशा वेळी बरेच जण नवे स्पीकर घेऊन येतात. तसं करू नका. आधी कान देऊन ऐका, दोष कुठे आहे ते बहुतेकदा आवाजावरूनच कळतं.

एकसुरी, जाड ‘हूंऽऽ’ असेल तर तो विजेचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ५० किंवा १०० हर्ट्झचा सूर लागतो. माऊस हलवला की चिरचिर बदलते? मग ती कॉम्प्युटरच्या आतली. ‘टर्र-टर्र’ होऊन लगेच फोन वाजत असेल तर मोबाइल स्पीकरपासून हातभर लांब ठेवा, बस्स.

‘हूं’ असेल तर ऑडिओ केबल स्पीकरच्या बाजूने काढा. तरीही आवाज येत असेल तर बिघाड स्पीकरच्याच सप्लायमध्ये आहे. थांबला, तर केबल परत लावा आणि लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आता शांत झालं, तर खोट अर्थिंगच्या वळशात आहे. कॉम्प्युटर आणि अ‍ॅम्प्लिफायर (स्पीकरचा आवाज वाढवणारा भाग) वेगवेगळ्या सॉकेटमधून अर्थला जोडलेले असतात, वरून ऑडिओ केबलही त्यांना जोडते. त्या वळशातून बारीक प्रवाह फिरतो आणि तोच ऐकू येतो. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. एवढ्याने भागलं नाही तर ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, तो केबलच्या मध्ये जोडा. त्यातले छोटे ट्रान्सफॉर्मर आवाज पुढे जाऊ देतात, वळसा मात्र तोडतात. स्वस्तातला असेल तर खर्ज थोडा कमी होतो.

घरघर जावी म्हणून प्लगची मोठी, म्हणजे अर्थची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून हे करू नका, ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे.

मी पूर्वी जुन्या घरात भाड्याने राहत होतो. तिथे कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या, टेस्टर लावला तर दिवा पेटायचा. सॉकेट उघडल्यावर दिसलं, अर्थच्या भोकामागे वायरच नव्हती! अशा वेळी पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर २३० व्होल्टच्या जवळपास निम्मा दाब येतो. वायरमनने अर्थ जोडून दिला आणि झिणझिण्यांबरोबर निम्मी घरघरही गेली. म्हणून तुमच्या कॅबिनेटवर टेस्टर पेटत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवा.

चिरचिरीसाठी केबल कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा. पुढच्या जॅकची बारीक वायर मदरबोर्डवरून फिरत येते आणि वाटेतला सगळा कचरा उचलते. तरी राहिली तर बाहेरचं यूएसबी साउंड कार्ड घ्या. अ‍ॅम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट असेल तर सगळ्यात उत्तम, कारण त्या केबलमधून वीज जातच नाही, फक्त प्रकाश जातो.

नुसती ‘स्स्स’ असेल तर साउंड सेटिंगमध्ये माइक बूस्ट कमी करा, कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम ८०-९० टक्के ठेवा आणि स्पीकरचं बटण खाली आणा.

ऑडिओ केबल चार्जरच्या वायरीला समांतर नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. आणि रेकॉर्डिंगच्या वेळी पंख्याच्या रेग्युलेटरकडेही बघा. रेग्युलेटर टप्प्यांशिवाय सलग फिरणारा असेल तर पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद करून पाहा. मधल्या वेगावर तो बारीक करकर सोडतो.