लुकावरून भांडायचं असंल तर नीट भांडा

एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) सुरू झालं की संभाजीनगर असो, लातूर असो का परभणी, ज्या ग्रुपात चार-पाच बास्केटबॉलवाले आहेत तिथं रोजचा तमाशा ठरलेला. आपल्याकडं मॅच सकाळी सहाच्या आसपास लागती, साडेआठपर्यंत संपती, अन् दहा वाजायच्या आत अमेरिकेतल्या कुठल्यातरी टीव्हीवाल्याची वीस सेकंदाची क्लिप येऊन पडती, ज्याच्यात तो स्लोव्हेनियाच्या लुका डॉन्चिचला नाहीतर सर्बियाच्या योकिचला धुवायलेला असतो, आणि मग आपले लोक एकमेकाला धुवायला लागतात. एकजण म्हणतो बाहेरचा हाय म्हणून जळतात, दुसरा म्हणतो बरोबरच बोलला की, डिफेन्स करतो का तुमचा हिरो, तिसऱ्यानं मॅच बघितलेलीच नसती, तो मधेच लेब्रॉनचा फोटो टाकतो. दुपारपर्यंत एकानं ग्रुप सोडलेला असतो. भांडण बंद करा असं कोण म्हणतंय, लई मजा आहे त्यात, फक्त जरा रीतीनं करायचं.

सगळ्यात आधी क्लिप फोडायची. त्या टीव्हीवाल्यानं नेमकं बोट कशावर ठेवलंय? खेळावर बोललाय, अंगावर बोललाय म्हणजे वजन-फिटनेस वगैरे, वागण्यावर बोललाय, का तो पोरगा ज्या मुलखातून आलाय त्याच्यावर? बहुतेक वेळा एकाच दमात दोन-तीन गोष्टी कालवलेल्या असतात, मग तुम्ही एक धरून भांडता, समोरचा दुसरीच धरून बसलेला असतो, आणि दोघंबी आपापल्या जागी बरोबर असल्यामुळं रात्रीपर्यंत मिटत नाही.

2024 ची फायनल घ्या, लुकाची तेव्हाची टीम डॅलस विरुद्ध बोस्टन, तिसरी मॅच. आपल्याकडं 13 जूनची सकाळ, मृग लागलेला. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला डॅलस 21 नं मागं होतं, तिथून ओढत ओढत तीन पॉइंटवर आणलं, सगळं स्टेडियम उभं, आणि 4 मिनिटं 12 सेकंद राहिलेले असताना लुकाला सहावा फाउल, आणि सहा झाले की प्लेअर बाहेर. जेलन ब्राउन बॉल घेऊन अंगावर आला, हा आडवा गेला, रेफ्रीनं ब्लॉकिंग (अंगानं वाट अडवल्याचा फाउल) दिलं. डॅलसचा कोच जेसन किडनं चॅलेंज घेतलं, ते फेटाळलं गेलं, लुका बाहेर, मॅच 106-99 नं बोस्टनच्या खिशात. त्याच्यानंतर ईएसपीएनचा ब्रायन विंडहॉर्स्ट तिथंच स्टेडियमच्या आतल्या बोळात उभा राहून बोलला, आणि बोलला म्हणजे काय, काहीच शिल्लक ठेवलं नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की लुकाचा डिफेन्स चालण्यासारखा नाही, बोस्टन ठरवून त्याच्यावरच चढायलंय, आणि रेफ्रीशी तो जे वागतो ते टीमला महागात पडायलंय.

आता हे फोडून बघा. डिफेन्स, म्हणजे खेळ. रेफ्री, म्हणजे वागणं. स्लोव्हेनिया, युरोप, बाहेरचा, एक शब्द नाही. तरीबी आपल्या ग्रुपात पहिला मेसेज काय पडला असंल ते तुम्हाला सांगायची गरज नाही. विंडहॉर्स्ट माझ्या मते दोन्ही मुद्द्यांवर बरोबर होता. तुम्हाला लुकाच्या बाजूनंच बोलायचं असंल तर जागा दुसरीकडं आहे: पोरगा छातीला मार, गुडघा मुरगळलेला, घोटा दुखतोय असल्या अवस्थेत खेळत होता, आणि सिरीजमधे तरीबी मॅचला 29 च्या आसपास पॉइंट काढले. हा मुद्दा मांडला तर समोरच्याला विचार करावा लागतो. "जळतात साले" म्हणलं की त्याला हसायला मोकळं.

आणि हो, पुढची मॅच डॅलस 122-84 नं जिंकलं, लुकाचे 29. लगेच एक पार्टी म्हणाली बघा टीका केल्यामुळं सुधारला, दुसरी म्हणाली बघा टीकाकारांचं तोंड बंद केलं. एका मॅचवरून दोन्हीतलं काहीच सिद्ध होत नाही. सिरीज बोस्टननं 4-1 नं नेलीच.

डिफेन्सवर बोलायचं असंल तर डिफेन्स बघा, हे सांगावं लागतंय हीच कमाल आहे. हायलाइटमधे डिफेन्स नसतो, तिथं फक्त बास्केट दिसतात. एक अख्खा क्वार्टर घ्या, फुल मॅच रिप्ले मिळतो, आणि बॉल बघायचा सोडून एकट्या लुकावर नजर ठेवा. पहिल्यांदा लई अवघड जातं, नजर आपोआप बॉलच्या मागं पळती. तीन गोष्टी धरायच्या. समोरची टीम लुका ज्याला गार्ड करायलाय त्यालाच स्क्रीन लावायला (आडवं उभं राहून डिफेंडरची वाट अडवायला) बोलावती का, म्हणजे स्विच होऊन, डिफेंडरांची अदलाबदल होऊन, त्यांचा सगळ्यात भारी बॉल हँडलर लुकासमोर यावा म्हणून, बोस्टननं हेच केलं. मग स्विच झाल्यावर लुका छाती समोर ठेवून सरकतो का पहिल्याच पावलाला मागं राहतो. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त खटकतं, स्वतःचा शॉट हुकला आणि फाउल मिळाला नाही की तो परत पळतो का दोन्ही हात पसरून रेफ्रीकडं बघत उभा राहतो, कारण ते तीन-चार सेकंद बाकीचे चौघं पाचजणांसमोर डिफेन्स करायलेले असतात. वहीत नाहीतर मोबाइलमधे खुणा करत बसा. एका क्वार्टरात तुम्हाला जे दिसंल ते शंभर क्लिपांत दिसणार नाही, आणि भांडणात "मी बघितलं, दुसऱ्या क्वार्टरात असं असं झालं" म्हणणाऱ्यापुढं बाकीचे गपगार होतात.

आता तो "बाहेरचा आहे म्हणून" वाला मुद्दा. तो कधीच खरा नसतो असं नाही, पण तपासून मग टाकायचा. तपासायची सोपी रीत म्हणजे नाव बदलून बघायचं. लुकाच्या वजनावर बोलतात? झायन विल्यमसन अमेरिकनच आहे, 2019 च्या ड्राफ्टमधला (टीमा नवे प्लेअर निवडतात तो) पहिला पिक, त्याच्या वजनावर जे जे बोललंय ते लुकाला कुणी बोललं नसंल. डिफेन्सवर बोलतात? जेम्स हार्डनच्या डिफेन्सच्या चेष्टेचे व्हिडिओ काढून लोकांनी वर्षानुवर्षं टाइमपास केला, ट्रे यंगलाबी सोडलं नाही. मग इथं बाहेरचा असल्याचा संबंध लावू नका, टिकत नाही.

पण 2018 चा ड्राफ्ट बघा. लुका तेव्हा 19 वर्षांचा, रियाल माद्रिदकडून युरोलीग जिंकलेला आणि त्याच युरोलीगचा एमव्हीपी (सगळ्यात भारी प्लेअर), त्याच्या आधीच्या वर्षी स्लोव्हेनियासोबत युरोपचा चॅम्पियन. एवढं असून पहिला पिक डिआंड्रे एटन, दुसरा मार्विन बॅगली, लुका तिसरा, तोबी अटलांटानं घेऊन डॅलसला देऊन टाकला. तेव्हा शंका काय होत्या, तर पळायला स्लो आहे, अमेरिकेतल्या ॲथलीटसमोर चालंल का. युरोपातल्या मोठ्या माणसांच्या लीगमधे चाललेला पोरगा कॉलेजातल्या पोरांच्या मागं ठेवायचा, इथं मला मुलखाचा संबंध दिसतो. 2003 ला सर्बियाचा डार्को मिलिचिच दुसरा घेतला आणि तो फसला, तेव्हापासून युरोपातून कुणी आला की कुणीतरी डार्कोचं नाव काढायचाच. डॅलसकडून खेळणाऱ्या जर्मनीच्या डर्क नोविट्स्कीवर तर "सॉफ्ट" हा शिक्का किती वर्षं होता. 2006 ची फायनल 2-0 वरून घालवली, 2007 ला 67 मॅच जिंकून पहिल्याच फेरीत आठव्या नंबरच्या टीमकडून हरले, शिक्का अजून पक्का. 2011 ला त्यानं लेब्रॉन-वेडच्या मायामीला हरवलं, एक मॅच तर अंगात ताप घेऊन खेळला, आणि मग शिक्का मारणारे कुठं गेले कुणालाच दिसले नाहीत.

नाव बदलायची रीत आपल्या माणसावर लावून बघा, म्हणजे अजून कळतं. अविनाश साबळे, बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. पॅरिस 2024 ला 3000 मीटर स्टीपलचेसच्या फायनलमधे अकरावा आला, वेळ 8 मिनिटं 14.18 सेकंद. त्या फायनलला पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. आणि आपल्यातलेच काही लोक काय म्हणले? अकरावा. बस. ज्यांनी आयुष्यात ग्राउंडला एक राउंड मारला नाही तेबी. महिनाभर आधी त्यानं 8:09.91 चा नॅशनल रेकॉर्ड केला होता, म्हणून "फायनलमधे स्वतःच्या रेकॉर्डपेक्षा चार सेकंद मागं का राहिला" ही टीका झाली, ती रास्त टीका आहे, खेळावरची आहे. पण "हे लोक तिथं जाऊन काय दिवे लावतात" ही टीका नाही. हा फरक साबळेच्या वेळी आपल्याला लगेच टोचतो, मग लुकाच्या वेळीबी टोचायला पाहिजे, आणि आपल्याला न आवडणाऱ्या प्लेअरच्या वेळीबी.

वंशाचा विषय निघाला तर जपून. 2023 ला योकिचच्या एमव्हीपीवरून माजी प्लेअर केंड्रिक पर्किन्सनं टीव्हीवर मत देणाऱ्यांच्या गोऱ्या रंगाचा विषय काढला, दुसरा माजी प्लेअर जे. जे. रेडिकनं तिथंच समोर बसून त्याला आडवं घेतलं, आणि नंतर चॅनेलला सांगावं लागलं की मत देणाऱ्यांबद्दल जे बोललं गेलं ते बरोबर नव्हतं. अमेरिकेतला तो इतिहास लई खोल आहे, आपण इथं चहा पिता पिता त्याच्यावर निकाल देऊ नये. तसंबी आपल्याकडं कुठल्याबी माणसाचा वाद शेवटी आडनावावर येऊन थांबतो, तेवढं एक वाईट पुरे आहे.

आता टीका कोण करायलाय आणि कधी, हे बघायचं. टीमसोबत रोज फिरणारा रिपोर्टर वेगळा आणि सकाळच्या शोमधे दोन खुर्च्यांवर समोरासमोर बसून भांडायचा पगार घेणारा वेगळा. दुसऱ्याला रोज दोन तास भरायचे असतात, दोघांचं एकमत झालं तर शो बंद पडंल. आणि हे नुसतं बोलणं नसतं बरं का, एमव्हीपीची मतं पत्रकार-ब्रॉडकास्टरच देतात, ऑल-एनबीए टीमचीबी (सीझनच्या सगळ्यात भारी प्लेअरांची निवड), आणि तिथल्या निवडीवरून प्लेअर किती मोठ्या कॉन्ट्रॅक्टला पात्र होतो ते ठरतं.

टायमिंगचा सगळ्यात भारी नमुना म्हणजे फेब्रुवारी 2025. डॅलसनं लुकाला लेकर्सला देऊन टाकलं, बदल्यात अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि 2029 चा पहिल्या राउंडचा पिक. डॅलसचा जीएम (टीम बांधणारा मॅनेजर) निको हॅरिसन म्हणला डिफेन्सनं चॅम्पियनशिप मिळती. आणि ट्रेड झाला त्याच तासापासून बातम्या सुरू, की टीम त्याच्या फिटनेसवर नाराज होती, वजन, शिस्त, हे आणि ते, नाव मात्र कुणाचंच नाही, "सूत्रं". अशी टीका आली की एवढंच विचारायचं, हे आज बाहेर यायचा फायदा कुणाला? ज्यानं ट्रेड केला त्याला. याचा अर्थ फिटनेसची गोष्ट खोटी असा नाही, लुका स्वतः पुढच्या उन्हाळ्यात बारीक होऊन आला म्हणजे काहीतरी होतंच. पण ट्रेडमुळं लुकाचा डॅलसमधला सुपरमॅक्स, म्हणजे सगळ्यात मोठा कॉन्ट्रॅक्ट, गेला, साधारण 345 मिलियन डॉलरचा, त्यामुळं पैशाचा भाग सोडून ही टीका वाचायचीच नाही. 9 एप्रिलला तो डॅलसला परत आला, व्हिडिओ लावला तेव्हा रडला, आणि मग 45 पॉइंट टाकले. हॅरिसनला नोव्हेंबरमधे घरी पाठवलं.

क्लिपबद्दल एकच. उत्तराची क्लिप आली की प्रश्न शोधा. 2023 ला मिलवॉकीच्या यानिसला हा सीझन फेल गेला का असं विचारलं, त्यानं जे उत्तर दिलं, जॉर्डन 15 वर्षं खेळला आणि 6 वेळा जिंकला मग बाकीची 9 वर्षं फेल का, ते आपल्याकडं "पत्रकाराची जिरवली" म्हणून फिरलं. पण त्याची टीम एक नंबरवर राहून आठव्या नंबरच्या मायामीकडून 4-1 नं हरली होती, विचारणारानं काहून विचारू नये? यानिस पाठीच्या दुखण्यानं दोन मॅच खेळलाच नव्हता हेबी तेवढंच खरं. उत्तर भारी होतं, प्रश्नबी चुकीचा नव्हता.

आणि वाद मिटतच नसंल तर पैज लावा, पण अशी की जिचा निकाल लागंल. "तो ओव्हररेटेड आहे" याचा निकाल आयुष्यात लागत नाही. 2002 ला माजी प्लेअर चार्ल्स बार्कलीनं याओ मिंगवर टीव्हीवर पैज घेतली होती, या चिनी पोरानं एका मॅचमधे 19 पॉइंट केले तर सोबतच्या केनी स्मिथच्या ढुंगणाची पप्पी घेईन. याओनं थोड्याच दिवसांत लेकर्ससमोर 20 टाकले, एकबी शॉट न हुकवता. स्मिथनं स्टुडिओत गाढव आणलं, आणि बार्कलीनं गाढवाची घेतली. टीका करणारा असा पाहिजे. आपल्याकडं गाढवाची गरज नाही, हरणाऱ्यानं सगळ्यांना मिरची भजे, पण पैज ग्रुपात टाइप करून, तारीख घालून, दोघांनी "मान्य" लिहून ठेवायची, कारण महिन्यानं "मी असं म्हणलोच नव्हतो" म्हणणारे लई निघतात, आणि मेसेज डिलीट करणारे त्याच्याहून जास्त, म्हणून स्क्रीनशॉट तिसऱ्याकडं.