राजगड–तोरणा–रायगड : गावांच्या आधाराने चालायची वाट

पुण्याहून राजगड–तोरणा–रायगड ही तीन-चार दिवसांची पायवाट चालायची ठरवली, तर नकाशा उघडण्याआधी वाटेवरची गावे समजून घ्यावीत. जुलै २०२५ मध्ये राजगड आणि रायगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले; त्यांच्यामधली वाट मात्र आजवर टिकली आहे ती घाटमाथ्यावरच्या माणसांच्या पायांनी, आणि म्हणून तिची आखणी त्यांना विचारूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुंजवण्याहून राजगड चढावा, संजीवनी माचीकडे अळू दरवाजाने उतरून डोंगरसोंडेने १,४०३ मीटर उंचीच्या तोरण्याच्या बुधला माचीवर जावे. तेथून हारपूड, मोहरी अशी गावे घेत शिंगापूरच्या नाळेने, म्हणजे कड्यातल्या अरुंद, उभ्या घळीने, दापोलीत उतरावे आणि रायगड गाठावा. ही दापोली रत्नागिरी जिल्ह्यातली नव्हे, नाळेखालचे लहानसे गाव आहे.

निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी गटातील दोघांनी मुक्कामाच्या गावात स्वतः जाऊन यावे. ओसरीवर बसून किती जणांची सोय होईल, पाणी कुठून आणावे लागते, त्या दिवशी गावात लग्न किंवा जत्रा आहे का, हे सर्व विचारावे. भातकापणीच्या दिवसांत घरातले प्रत्येक माणूस शेतात असते, तेव्हा वाटाड्या मागू नये. डिसेंबर-जानेवारी सर्वांत सोयीचे. उन्हाळ्यात बायकांनी लांबून डोक्यावर आणलेल्या हंड्यातले पाणी आपण हात-पाय धुण्यात संपवणे योग्य नाही.

गट बारा जणांपेक्षा मोठा करू नये आणि कळवलेली संख्या वाढू देऊ नये. आमच्या गटाने एकदा चौदा जण सांगून एकोणीस नेले होते. रात्री नऊ वाजता मावशींनी विझत आलेली चूल पुन्हा फुंकली, नाचणीच्या पिठात गरम पाणी घालून ते मळले आणि परातीत एकेक भाकरी थापत, तव्यावर टाकल्यावर ओल्या हाताने तिच्यावर पाणी फिरवत त्या तासभर बसून राहिल्या. घरातली माणसे आमच्यानंतर जेवली. एका शब्दानेही त्यांनी तक्रार केली नाही, त्यामुळे ती चूक अधिकच जाणवली. तेव्हापासून आम्ही दोन दिवस आधी नक्की आकडा कळवतो.

जेवणाचे आणि वाटाड्याचे पैसे आधी ठरवावेत, घासाघीस करू नये, आणि स्वयंपाकाचे पैसे जिने रांधले तिच्या हातात द्यावेत. मोबाइलला रेंज नसली की पैसे पाठवता येत नाहीत, म्हणून सुट्ट्या नोटा जवळ असाव्यात.

नाळेसाठी मोहरीतूनच वाटाड्या घ्यावा. उतारावर सुटे दगड असल्यामुळे दोघांमध्ये अंतर ठेवावे, दगड सुटला की 'दगड' असे मोठ्याने ओरडावे, आणि कड्यांवर आग्या मोहळे असू शकतात म्हणून धूर मुळीच करू नये. पावसाळ्यात ही नाळ वर्ज्य समजावी.

गावासाठी काही करण्याची इच्छा असेल, तर काय करावे हे गावालाच ठरवू द्यावे. पाण्याचे टाके उपसायचे असेल, तर ते कोणाच्या वापरात आहे, गडावरचे असल्यास परवानगी कोणाची लागते, हे आधी विचारावे. गाळ काढताना गावकऱ्यांसोबत उभे राहावे. वाट चुकते तेथे रंगाचे बाण काढू नयेत, वाटाड्या सांगेल तेथे दगडावर दगड रचावेत. शाळेला वह्या नेण्याआधी गुरुजींना पटसंख्या विचारावी, म्हणजे एकही मूल रिकाम्या हाताने राहणार नाही. आणि घरातल्या माणसांचे फोटो काढले असतील, तर ते कागदावर छापून पुढच्या फेरीत ज्याचे त्याला नेऊन द्यावेत.