टेप बॅकअप रखडतोय? ड्राइव्ह बदलण्याआधी या चुका टाळा

रात्री दहाला लावलेला बॅकअप दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला उठले तरी चालूच आहे, असं झालं की निदान ठरलेलं असतं: "ड्राइव्ह गेला." मीही एकदा हेच म्हटलं होतं. एलटीओ-६ ड्राइव्ह (एलटीओ हा बॅकअपच्या चुंबकीय टेपचा प्रकार, पुढचा आकडा त्याची पिढी), जेमतेम २ टीबी डेटा आणि वेग सेकंदाला २५ एमबी. हिशेब केला तर बावीस तास. नव्या ड्राइव्हचं कोटेशनही मागवून झालं होतं. ड्राइव्ह मात्र ठणठणीत होता. सर्व्हरवर स्कॅन केलेल्या कागदांच्या लाखो बारीक फाइली होत्या आणि त्या उचलून देता देता डिस्कच्याच नाकी नऊ येत होते.

आधी कान द्या

लॉग उघडण्याआधी सर्व्हर रूममध्ये जाऊन ड्राइव्हजवळ दोन मिनिटं उभे राहा. पोट भरलेला ड्राइव्ह एकसुरी घुमत असतो. उपाशी ड्राइव्ह थोडा पळतो, थांबतो, मागे सरकतो, पुन्हा पळतो. टेप जागच्या जागी थांबू शकत नाही. डेटा संपला की ती वेगात पुढे निघून जाते, मग मागे येऊन मागचं टोक शोधते आणि पुन्हा वेग पकडते. बुटावर पॉलिशचं फडकं मागेपुढे फिरावं तसं हे चालतं, म्हणून याला शू-शायनिंग म्हणतात. यात वेळ तर जातोच, शिवाय टेप आणि हेड (टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग) दोन्ही झिजतात.

ड्राइव्ह आपल्या परीने जुळवून घेतो. डेटा कमी आला तर तो टेपचा वेग उतरवतो, पण साधारण कमाल वेगाच्या एक तृतीयांशापर्यंतच. एलटीओ-६चा मूळ वेग सेकंदाला १६० एमबी. चाळीस-पन्नासच्या खाली गेलात की शू-शायनिंग सुरू. एलटीओ-८ पूर्ण उंचीचा असेल तर ३६० एमबी, म्हणजे त्याची खालची मर्यादाच शंभराच्या पुढे. म्हणून जुन्या सर्व्हरला नवा, जास्त वेगाचा ड्राइव्ह जोडून बॅकअप आणखी खराब झाल्याची उदाहरणं दिसतात. त्यात नवल काही नाही.

बिट आणि बाइटचा घोळ

डेटा नेटवर्कवरून येत असेल तर १ गिगाबिटची लाइन म्हणजे (आठ बिटांचा एक बाइट) कागदावर सेकंदाला १२५ एमबी, हातात पडतात ११०च्या आसपास. एलटीओ-८ची १२ टीबीची टेप पूर्ण वेगात सव्वानऊ तासांत भरते, या लाइनवरून तीस तासांत. इथे सॉफ्टवेअरच्या सेटिंगशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही. १० गिगाबिट घ्या, नाहीतर ड्राइव्ह डेटाच्या सर्व्हरलाच जोडा. जोडताना साधं एसएएस कार्ड (डिस्क आणि टेप ड्राइव्ह सर्व्हरला जोडणारं) वापरा. रेड कंट्रोलरच्या (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाच्या) रिकाम्या पोर्टला टेप लावण्याचा मोह आवरा.

चुकीचं मोजमाप

डिस्क, नेटवर्क आणि टेप यांचा वेग वेगवेगळा मोजल्याशिवाय कुणावरही ठपका ठेवू नये. मोजताना दोन सापळे आहेत. टेपवर नुसती शून्यं लिहून पाहिलीत तर ड्राइव्ह ती दाबून (कॉम्प्रेस करून) टाकतो आणि आकडा भलताच फुगलेला दिसतो. आधीच दाबलेली, काही जीबीची एखादी फाइल वेगवान एसएसडीवर ठेवून ती लिहा.

दुसरा सापळा लिनक्सवाल्यांचा. डिस्क किती वेगाने वाचते हे पाहायला टारचं (फाइली एकत्र बांधणाऱ्या प्रोग्रामचं) आउटपुट थेट डेव्ह-नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कचरापेटीत, टाकतात. लिनक्सवरचा नेहमीचा ग्नू टार हुशार आहे. निकाल कचऱ्यात जाणार हे ओळखून तो फाइली वाचतच नाही आणि काम क्षणात उरकतं. मध्ये पाइप आणि कॅट (आलेला डेटा जसाच्या तसा पुढे देणारी कमांड) घाला, मग खरा आकडा दिसेल. आमच्या बाबतीत तो सेकंदाला २७ एमबी निघाला आणि कोटेशन ड्रॉवरमध्ये गेलं.

बारीक फाइली

प्रत्येक फाइल शोधायची, उघडायची, परवानग्या वाचायच्या, बंद करायची. सेकंदाला शे-सव्वाशे उड्या मारणाऱ्या डिस्कवर हे लाखो वेळा करायचं म्हणजे बॅकअप रांगणारच. त्यात अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना तपासत असेल तर विचारूच नका. बॅकअपच्या प्रोसेसला त्यातून सूट द्या.

खरा इलाज म्हणजे मधला टप्पा: आधी डिस्कवर, तिथून सलग टेपवर. बॅक्युला या बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये याला स्पूलिंग म्हणतात. मात्र स्पूलची जागा एकाच साध्या हार्ड डिस्कवर ठेवलीत तर अडचण फक्त जागा बदलते, तिथे एसएसडीच हवी. शिवाय बॅक्युलात एक जॉब (बॅकअपचं एक काम) टेपवर उतरत असताना त्याचं वाचन थांबतं, म्हणून दोन-तीन जॉब एकत्र चालू द्या. काही जण स्पूलऐवजी अनेक सर्व्हरचा डेटा एकाच टेपवर मिसळून लिहितात. वेग मिळतो, पण एका सर्व्हरचा डेटा परत काढायच्या दिवशी सगळी खिचडी उपसावी लागते. मला तो सौदा पटत नाही.

ब्लॉक साइझही, म्हणजे टेपवर एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा आकार, पाहा. टार सांगितल्याशिवाय १० केबीचे तुकडे लिहितो, टेपसाठी ते फारच लहान आहेत. २५६ केबी करा. फक्त परत वाचतानाही तोच आकार लागेल, तो टेपच्या लेबलवर लिहून ठेवा.

उरलेलं थोडक्यात

सॉफ्टवेअरमध्ये कॉम्प्रेशन आणि ड्राइव्हमध्येही कॉम्प्रेशन असं दुहेरी ठेवू नका, सर्व्हरचा प्रोसेसर फुकट दमतो. एन्क्रिप्ट केलेला डेटा दबतच नाही, त्यामुळे एलटीओ-६च्या खोक्यावरचे कॉम्प्रेशन धरून छापलेले ६.२५ टीबी विसरा, २.५ धरा. एन्क्रिप्शन हवंच असेल तर ड्राइव्हला करू द्या, एलटीओ-४पासून ती सोय आहे.

हेड मळलं की ड्राइव्ह लिहिता लिहिताच चूक पकडतो आणि तोच तुकडा पुढे पुन्हा लिहितो. वेग घटतो, टेपही लवकर भरते. क्लीनिंग टेप ड्राइव्हने मागितल्यावर लावा. दर सोमवारी उदबत्तीसारखी लावायची नसते, तीही हेड घासतेच.

आणि एलटीओ-९ घेतला असेल तर एक लक्षात ठेवा. नवी कोरी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिची मोजणी करतो. बहुतेक वेळा चाळीस मिनिटं, कधी दोन तासही. प्रत्येक टेपला हे एकदाच होतं. तेवढा वेळ काहीच हलत नाही असं वाटेल. बटण दाबून टेप बाहेर काढू नका.