टायर आतून कापला गेलाय? आधी स्प्रिंग तपासा

टायरची बाहेरची बाजू सगळेच बघतात. आतली बाजू मात्र चाक काढल्याशिवाय नीट दिसत नाही, आणि तुटलेल्या स्प्रिंगची खूण नेमकी तिथेच उमटते. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबात) स्प्रिंगची खालची बैठक टायरच्या अगदी जवळ असते, कित्येक गाड्यांत थेट टायरच्या वरच. सर्वांत खालचं वेटोळं तुटलं आणि टोक बैठकीतून निसटलं, की ते टायरला घासायला लागतं, कधी सरळ आतच घुसतं. कारण न शोधता नवा टायर चढवलात, तर तोही असाच जाईल.

गाडी उचलण्याआधी टेप घ्या. जमीन सपाट हवी, गाडीत कोणी नको, डिकी रिकामी हवी. गाडी दोन-चार मीटर पुढे-मागे ढकला, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसतं. मग चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर, चाकावरच्या कमानीच्या कडेपर्यंत अंतर मोजा. जमिनीपासून मोजू नका. एका टायरमध्ये हवा कमी असली तरी माप चुकतं. डाव्या-उजव्या बाजूंत काही मिलिमीटरचा फरक चालतो. तो 10-15 मिमीच्या पुढे गेला, तर कमी उंचीच्या बाजूची स्प्रिंग बसलेली (दबून आखूड झालेली) किंवा तुटलेली असण्याचा संशय घ्या. उलटं मात्र गृहीत धरू नका: शेवटचं अर्धं वेटोळंच तुटलं असेल तर उंची फारशी बदलत नाही, आणि बहुतेक स्प्रिंगा टोकाजवळच तुटतात.

आता आवाज. गाडी उभी ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. ‘टण्ण’ असा खटका आला तर दोन शक्यता: तुटलेली स्प्रिंग बैठकीत उडी मारते आहे, किंवा स्ट्रटच्या वरच्या माउंटमधलं बेअरिंग जाम झालं आहे. दुसऱ्या कुणाला स्टिअरिंग फिरवायला सांगून स्प्रिंगवर बाहेरून नुसता तळहात टेकवा. वेटोळ्यांच्या फटीत बोटं अजिबात घालू नका. बेअरिंग जाम असेल तर स्प्रिंग पीळ खात जाते आणि एकदम झटक्याने सुटते. सरळ जाताना बारीक खड्ड्यांवर ‘खट खट’ येत असेल, तर अनेकदा दोष अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीच्या) लिंकचा निघतो. तेवढ्यावरून स्प्रिंग बदलायला जाऊ नका.

चाक काढताना हँडब्रेक ओढा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना अडसर लावा, नट चाक टेकलेलं असतानाच थोडे सैल करा. जॅकने उचलल्यावर स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

स्प्रिंगची खालची बैठक चिखलाने भरलेली असते. ती तारेच्या ब्रशने साफ करा, नाहीतर तुटलेलं टोक समोर असूनही दिसणार नाही. मग बॅटरीच्या उजेडात टोक न्याहाळा. कारखान्यातून आलेलं टोक नीट कापलेलं आणि रंग दिलेलं असतं. तुटलेलं टोक खडबडीत, बहुधा तिरकं असतं. ताजं असेल तर करडं आणि दाणेदार, जुनं असेल तर गंजून लाल. शंका राहिली तर दोन्ही बाजूंची वेटोळी मोजा आणि टोकं बैठकीत एकाच जागी टेकतात का बघा. तुटण्याची सुरुवात सहसा गंजापासून होते: दगड उडून रंगाचा टवका निघतो, चिखल-पाणी तिथे मुरतं, गंजाचा खड्डा पडतो, त्यातून चीर वाढत जाते. रस्त्यावरचा खड्डा फक्त शेवटचा घाव घालतो.

आता टायर. चाक आडवं ठेवून आतली भिंत संपूर्ण फिरवून बघा. पूर्ण घेरात एकाच उंचीवर गोल चर पडला असेल, तर काहीतरी सतत घासत होतं. एकाच जागी काप असेल तर बाहेरची एखादी वस्तू लागली असावी. बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटले आहेत, बहुधा टायर रिम आणि खड्ड्याच्या कडेत चेंगरल्यामुळे. फुगा, दिसणारे धागे किंवा बाजूच्या भिंतीला आरपार भोक, यांना दुरुस्ती नाही, टायर बाद. आत दबलेली उथळ, उभी रेघ मात्र घाबरण्यासारखी नाही; तिथे आतल्या थराचा जोड असतो.

झिजेवरूनही बरंच कळतं. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त. एकच कड झिजली तर अलाइनमेंट तपासा. बसलेल्या स्प्रिंगमुळे चाकाचा कोन बदलूनही असं होतं. जागोजागी खोलगट झीज असेल तर शॉक अॅब्सॉर्बर संपल्याचा संशय घ्या.

स्प्रिंग तुटलेली निघाली तर स्टेपनी लावून गाडी हाकू नका, टो करून न्या. पुढच्या दोन्ही किंवा मागच्या दोन्ही स्प्रिंगा जोडीनेच बदला, आणि पार्ट नंबर आपल्याच मॉडेलचा घ्या, कारण इंजिनाप्रमाणे स्प्रिंगची ताकद बदलते. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं साधन) लावून बैठकींवरचा ताण पूर्ण उतरवल्याशिवाय स्ट्रटचा मधला नट खोलू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. साधन आणि सराव नसेल तर हे काम मेकॅनिककडेच द्या. नंतर अलाइनमेंट करून घ्या, चाकाचे नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा आणि 50 ते 100 किमीनंतर पुन्हा तपासा.