आधी उंची मोजा, मग तिकीट काढा

मी वरोरा तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. दर महिन्याला लेकरांचं वजन आणि उंची घेणं हे माझं नेहमीचंच काम. म्हणून घरच्या पोरांनी बंगळुरूच्या वंडरला या झुल्यांच्या आणि पाण्याच्या पार्कचा हट्ट धरला, तेव्हा पैसे किती लागतील हे विचारायच्या आधी मी त्यांना भिंतीला पाठ टेकवून उभं केलं. चपला काढून, टाचा भिंतीला, नजर सरळ समोर, डोक्यावर पाटी आडवी आणि पेन्सिलची खूण. मुलगा १३७ सेंटिमीटर, मुलगी १५४, आणि सोबत येणारी नणंदेची मुलगी १४६.

हे आधी का, तर तिथे मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर आहे. ८५ सेंटिमीटरच्या आतल्या लेकराला तिकीट नाही, ८५ ते १४० पर्यंत मुलांचं आणि १४० च्या वर मोठ्या माणसाचं. शिवाय मोठ्या झुल्यांना किमान उंची लागते, कुठे १२०, कुठे १४०. म्हणजे आमचा मुलगा स्वस्तात आत जाणार, पण सगळ्यात उंच, उलट्यापालट्या फिरणाऱ्या राइड्सवर त्याला बसू देणार नाहीत. हे मी त्याला मार्च महिन्यातच सांगितलं. दोन दिवस तो फुगून बसला. पण घरी फुगलेलं पोरगं समजावता येतं. हजार किलोमीटर जाऊन रांगेत अर्धा तास उभं राहिल्यावर परत पाठवलं तर त्याचा दिवसच जातो. त्याला चालतील अशा राइड्सची नावं आम्ही दोघांनी मिळून वहीत लिहिली, मग त्याचा राग गेला. या वयात पोरं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, म्हणून निघायच्या आठवड्यात पुन्हा मोजा. आमचा १३८ च्या थोडा वर आला होता.

रेल्वेचा हिशोब मात्र वयाचा. पाच वर्षांच्या आतल्याला वेगळी बर्थ नको असेल तर तिकीट नाही. पाच ते बाराच्या आत बर्थ न घेता अर्धं, बर्थ घेतली की पूर्ण. रात्रभराचा प्रवास असेल तर बर्थ घ्याच. दहा वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन कोणाची झोप होत नाही.

आता तारीख. शेतकऱ्याच्या घरी ही सगळ्यात अवघड गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचणीला आलेला असतो, सोयाबीन नुकतं घरात आलेलं असतं. एप्रिल-मे मोकळा वाटतो, पण तेव्हा कर्नाटकातल्या शाळांनाही सुट्टी असते, म्हणजे तिथली सगळी गर्दी पार्कातच. मला सापडलेली फट अशी: कर्नाटकात शाळा मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला भरतात, आणि आपल्या विदर्भात उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्याही आठवडाभर नंतर, जूनच्या शेवटी. मृग लागायच्या आधीचा तो आठवडा म्हणजे त्यांची पोरं शाळेत, आपली घरी, आणि पेरणीला अजून वेळ. त्यातही मंगळवार-बुधवार धरा. बियाणं-खत आधीच आणून ठेवा, म्हणजे घरच्या माणसाचा जीव अर्धा इकडे राहणार नाही. मी रजेचा अर्ज महिनाभर आधी दिला होता आणि मदतनीस ताईंशी बोलून घेतलं होतं.

पैशाचं म्हणाल तर आमच्या घरी मोठा खर्च क्विंटलात मोजतात. त्या हंगामात तुरीचा हमीभाव ७५५० रुपये होता. हमीभाव केंद्रावर विकलेल्या तुरीतले चार क्विंटल सहलीचे, म्हणजे ३०,२०० रुपये, असं ठरलं आणि तो पैसा वेगळ्या पाकिटात गेला. पार्कचे दर वाराप्रमाणे, सुट्टीप्रमाणे बदलतात, म्हणून स्वतःची तारीख टाकूनच आकडा बघा, कर धरून शेवटी किती होतात तेच लिहा. तिकीट पार्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. मोबाईलवर आलेल्या कुठल्याही स्वस्ताईच्या लिंकवर पैसे टाकू नका. ज्येष्ठांना सवलत असते, कॉलेजच्या पोरांना ओळखपत्रावर असते, तीही बघून घ्या.

गाडीचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. १ जूनला बसायचं तर २ एप्रिलच्या सुमारास. आमची संघमित्रा एक्सप्रेस बिहारमधून येते, आपल्याकडे पोचेपर्यंत तारीख बदलते, म्हणून एक दिवस आधीपासूनच बघत राहा. आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडून ठेवा, नाहीतर आरक्षण उघडल्यावर सुरुवातीलाच हात बांधलेले राहतात. एका तिकिटावर सहाच माणसं बसतात, आम्ही नेमके सहा होतो. वेटिंग तिकिटावर आरक्षित डब्यात चढता येत नाही, तेव्हा ‘होईल कन्फर्म’ या आशेवर म्हातारं माणूस घेऊन निघू नका. सासूबाईंचं वय ६७, त्यांना खालची बर्थ मिळावी म्हणून तो पर्याय टिचकी मारून निवडावा लागतो. आणि तिकिटावर बंगळुरूचं कुठलं स्टेशन आहे ते वाचा. शहराच्या मधल्या मॅजेस्टिक बसस्थानकाजवळचं केएसआर वेगळं, यशवंतपूर वेगळं आणि बैयप्पनहळ्ळीचं विश्वेश्वरय्या टर्मिनल वेगळं. खोली एका टोकाला आणि गाडी दुसऱ्या टोकाला झाली तर रिक्षातच पैसा जातो.

बल्लारशाला रात्री बसलो. वारंगळ, विजयवाडा, चेन्नईकडून वळून गाडी जाते. एक रात्र आणि पुढचा जवळजवळ अख्खा दिवस. शिदोरीला दुधातल्या दशम्या, जवसाची चटणी, लिंबाचं लोणचं आणि पोह्याचा चिवडा नेला. दशम्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मऊ राहतात, पोळ्या राहत नाहीत. भाजी नेऊ नका. विजयवाडा सोडलं की कृष्णेचा लांब पूल लागतो. सासूबाईंना खिडकीशी बसवलं होतं, त्यांनी पदर पसरून हात जोडले. पंढरपूर आणि शेगाव सोडून त्या कुठं गेल्या नव्हत्या.

यानंतरची गोष्ट मी जरा सविस्तर सांगते, कारण ती आपल्याच भागाची आहे. माझी भाची, म्हणजे हीच नणंदेची मुलगी, सिकलसेलची रुग्ण आहे. हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. तिचा एसएस पॅटर्न, म्हणजे नुसती वाहक नाही, खुद्द आजारच. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात असं लेकरू गावोगावी सापडतं. आणि अशा पार्कातला निम्मा आनंद थंड पाण्यातला. सिकलसेलच्या लेकराला अचानक थंड पाणी, अंगावर वाळणारे ओले कपडे, दमणूक आणि पाणी कमी पिणं, या चारही गोष्टींनी त्रास उठू शकतो. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातापायात, पाठीत असह्य कळा येतात. तिला घरी ठेवा असं सगळे म्हणून राहिले होते. मी म्हटलं, येईल, पण विचारून येईल. दीड महिना आधी तिला डॉक्टरांकडे नेलं, पार्कात काय काय असतं ते सांगितलं. त्यांनी पाण्यात उतरायचं नाही, जोराचे झटके देणाऱ्या राइड्स नाहीत, संथ फिरणाऱ्या चालतील, दर अर्ध्या तासाला पाणी प्यायचं आणि गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत असं सांगितलं. हायड्रॉक्सियुरिया आणि फोलिक ॲसिड मी दोन ठिकाणी विभागून ठेवलं, अर्धं माझ्या पर्समध्ये, अर्धं यांच्या बॅगेत. सिकलसेलचं कार्ड आणि जुने कागद सोबत, आणि खोली घेतल्याबरोबर जवळचं मोठं हॉस्पिटल कुठं आहे ते बघून ठेवलं. तुमच्या लेकराचं अजून तपासलेलंच नसेल तर सहलीच्या निमित्ताने तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात होतं. नुसते वाहक, म्हणजे एएस असलेल्यांना सहसा त्रास नसतो, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपल्या मनाने ठरवू नका. रक्तदाब, हृदयाचा त्रास, नुकतंच ऑपरेशन किंवा दिवस गेलेले असतील तर मोठ्या राइड्सना कोणीही बसू नये.

कपड्यांचं घरीच निस्तरा. पाण्यात साडी, जीन्स, सुती कपडा चालत नाही. नायलॉन किंवा लायक्राचेच लागतात. पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे मिळतात, आम्ही मायलेकींनी तसलेच घेतले. आत विकत मिळतात, पण निवड कमी, म्हणून आधीच घ्या आणि घरी एकदा ओले करून घालून बघा, सैल झाले तर घसरगुंडीवर वर सरकतात. बायांसाठी अजून एक: जोडवी, बांगड्या, सोन्याचं मंगळसूत्र यातलं काही पाण्यात नेऊ नका. मी सोनं घरीच ठेवून साध्या दोऱ्यातली काळी पोत घातली. सासूबाईंना आधी रुचलं नाही. मी त्यांना घसरगुंडीचा व्हिडिओ दाखवला तशा त्याच म्हणाल्या, “राहू दे वं माय, पोत बी आपलीच हाय.”

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लगेच पार्क ठेवू नका. आम्ही एक दिवस लालबागेत घालवला, झाडाखाली बसून पाय मोकळे केले. मुक्काम मॅजेस्टिकच्या आसपास ठेवला, कारण पार्क बिडदीजवळ, म्हैसूर रस्त्यावर, शहरापासून सुमारे २८ किलोमीटर. मॅजेस्टिकहून तिकडच्या शहर बस निघतात. मेट्रोने जायचं तर जांभळ्या मार्गावर शेवटच्या चल्लघट्टापर्यंत आणि पुढे बस किंवा रिक्षा. एक ध्यानात ठेवा: आपल्या एसटीत बायांना अर्धं तिकीट लागतं, तिकडे बायांना बस फुकट आहे, पण ती कर्नाटकच्या रहिवासी बायांना. आपण पूर्ण पैसे द्यायचे, वाहकाशी वाद घालू नये. हिंदी चालते, तरी चार शब्द पाठ करा. ‘एष्टु’ म्हणजे किती, ‘नीरु’ म्हणजे पाणी, ‘बेडा’ म्हणजे नको, ‘ऊटा’ म्हणजे जेवण. मोठ्या माणसाला ‘अण्णा’ आणि बाईला ‘अक्का’ म्हटलं की समोरचा थांबून सांगतो.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, औषधं नेता येतात. सकाळी भरपेट नाश्ता करून निघा. बिडदीची ताटाएवढी तट्टे इडली एक खाल्ली तरी दुपारपर्यंत पुरते. पाण्याच्या राइड्स साधारण दुपारी सुरू होतात, म्हणून सकाळचा सगळा वेळ कोरड्या राइड्सना द्या, आणि दार उघडताच सगळ्यात लांबच्या टोकाला जा, गर्दी दारापासून हळूहळू आत सरकते. मोबाईल लॉकरमध्ये गेल्यावर एकमेकांना शोधणार कसं, हे आधी ठरवा. आम्ही सावलीतला एक बाक धरला, तिथे सासूबाई आणि भाची. दर तासाला, भरलेल्या तासावर, सगळ्यांनी बाकाशी यायचं. घड्याळ सासूबाईंच्या हातात. मुलांच्या खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी, तिच्यावर दोघांचे नंबर. लॉजच्या माणसाकडून लॉजचं नाव कन्नडमध्ये लिहून घेतलं होतं. भाची नुसती बसून राहू नये म्हणून हे आणि मी पाळीपाळीने तिच्यासोबत संथ झुल्यांवर जात होतो. तिने सासूबाईंनाही एकावर बसवलं. पाण्यातून निघालं की दुसऱ्या मिनिटाला अंग पुसून कोरडे कपडे, हे मी माझ्या दोघांनाही लावलं होतं.

परतीची गाडी पार्कच्या दुसऱ्या दिवशीची घ्या, त्याच रात्रीची नको. पार्कातले कपडे त्याच रात्री लॉजवर साध्या पाण्यातून दोनदा काढा, क्लोरीन राहिलं तर कपडा विटतो. आमचे सकाळपर्यंत वाळले नाहीत, मग गाडीत बर्थच्या साखळ्यांना दोरी बांधून टाकले, बल्लारशा येईपर्यंत कोरडे झाले.